बेसबॉलपटूंच्या लघवीशी खासदारांचा काय संबंध?

ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत, त्यांच्या कानावर एक वाद दरवर्षी जानेवारीत येतो. बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'च्या, म्हणजे महान खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या दालनाच्या, मतदानाचा निकाल तेव्हा लागतो आणि तिकडच्या घराघरांत तोच प्रश्न निघतो. मेजर लीगच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे ७६२ होम रन बॅरी बाँड्सने मारले. मग तो आत का नाही? उत्तर मिळतं एका शब्दात : स्टेरॉइड. पुढे कोणीतरी म्हणतं, "संसदेत चौकशी झाली होती ना!" आणि इकडच्या आजोबांची भुवई वर जाते. संसदेत? बेसबॉलपटूंची?

हो, संसदेतच. १७ मार्च २००५ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने देशातल्या सर्वांत लाडक्या फलंदाजांना समन्स पाठवून बोलावलं, उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर विचारपूस केली. कामकाज सुमारे अकरा तास चाललं. तेव्हा इराकमध्ये युद्ध चालू होतं.

हे सगळं कशासाठी होतं आणि त्यातून काय निघालं, ते समजून घ्यायला बेसबॉल येण्याची गरज नाही.

आधी खेळापुरतं

फलंदाजाने टोलवलेला चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की होम रन. आपला षटकारच, पण त्याहून दुर्मीळ. मोसम १६२ सामन्यांचा. 'मेजर लीग बेसबॉल' या व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला मालक आहेत. मालकांनी निवडलेला एक कमिशनर कारभार बघतो. त्यांच्यासमोर उभी आहे खेळाडूंची युनियन, आणि ती नावापुरती नाही; अमेरिकेतल्या सर्वांत ताकदवान कामगार संघटनांपैकी ती एक मानली जाते.

आता एका मोसमातल्या होम रनचे आकडे बघा. बेब रूथने १९२७ मध्ये ६० मारले. तो विक्रम ३४ वर्षं टिकला. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले, तो ३७ वर्षं टिकला. मग १९९८ ते २००१ या चार वर्षांत ६१चा आकडा सहा वेळा ओलांडला गेला, आणि तोही फक्त तीन माणसांकडून : मार्क मॅग्वायर (७० आणि ६५), सॅमी सोसा (६६, ६३ आणि ६४) आणि बॅरी बाँड्स (७३). त्यानंतर पुन्हा २१ वर्षं सामसूम. थेट २०२२ मध्ये आरन जजने ६२ मारले.

एखाद्या शिवारात वर्षानुवर्षं उतारा ठरलेला असावा, मध्येच चार वर्षं तीन शेतांत पीक डोक्याच्या वर जावं आणि पुन्हा सगळं होतं तसं व्हावं, तर बांधावरचा शेजारी पहिला प्रश्न खताचाच विचारेल.

स्टेरॉइड म्हणजे नेमकं कोणतं?

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. कोविडच्या काळात डेक्सामेथासोनचं नाव घरोघरी पोचलं. दम्याच्या पंपात, त्वचेच्या मलमात असतं तेही स्टेरॉइडच. पण ते कुटुंब वेगळं. ते सूज उतरवतं, आणि फार दिवस पोटात गेलं तर स्नायू उलट झिजवतं. खेळाडू घेतात ती 'अॅनाबॉलिक' स्टेरॉइड. अॅनाबॉलिक म्हणजे शरीराची बांधणी करणारी. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मुळातच असतं. ही औषधं म्हणजे त्याच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या आवृत्त्या.

स्नायू कसे वाढतात? व्यायामाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, विश्रांतीत शरीर ती भरून काढतं आणि भरताना थोडी जास्तच भर घालतं. घराची पडझड झाल्यावर गवंडी यावेत आणि आधीपेक्षा जाड भिंत बांधून जावेत, तसं. अॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे रात्रपाळीला आणलेली गवंड्यांची आणखी एक टोळी. ज्या व्यायामानंतर दोन दिवस अंग धरून बसावं लागलं असतं, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो. म्हणजे नुसतं टोचून घेऊन घरी झोपलेल्याला फार काही मिळत नाही. फायदा होतो तो आधीच घाम गाळणाऱ्याला. "त्याने मेहनत केली नाही का?" या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच "केली, बहुधा जास्तच केली" असं आहे.

किंमत मात्र शरीर वसूल करतं. माल बाहेरून येतोय म्हटल्यावर घरचा कारखाना बंद पडतो : वृषण आकसतात, शुक्रजंतू घटतात, छाती बायकी वाढू शकते. कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदयावर ताण येतो, गोळ्यांच्या रूपात घेतलेल्या प्रकारांनी यकृताला इजा होते. स्वभाव भडक होतो, आणि औषध सोडल्यावर खोल नैराश्य येऊ शकतं. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांच्या टोकांची वाढ वेळेआधी थांबते, उंची तिथेच अडते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सुनावणीत तो पुन्हा येणार आहे.

लघवीच्या चाचणीत पकडलं जात नाही का? जातं, पण ओळखीचं असेल तरच. पोलिसांकडे ज्याचा फोटो आहे तोच चोर नाकाबंदीत अडकतो. कॅलिफोर्नियातल्या बाल्को नावाच्या कंपनीने खेळाडूंना टीएचजी हे नवंच रसायन पुरवलं होतं. त्याचा फोटो कोणत्याही प्रयोगशाळेकडे नव्हता. २००३ मध्ये एका अॅथलेटिक्स प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज गुपचूप उत्तेजकविरोधी यंत्रणेकडे धाडली, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं रसायन ओळखलं, आणि सप्टेंबरमध्ये बाल्कोवर छापा पडला. या कंपनीच्या गिऱ्हाइकांत बाँड्सचं नाव निघालं.

"पण स्टेरॉइडने चेंडू बॅटवर येतो का?"

नाही येत. ताशी १५० किलोमीटरने येणारा चेंडू ओळखण्याची नजर कोणत्याही कुपीत मिळत नाही, आणि बाँड्सकडे ती उपजत होती. पण सीमारेषेवर झेल जाणारे किती फटके असतात ते कोणत्याही क्रिकेटप्रेमीला विचारा. बॅटचा वेग थोडा वाढला की चेंडू काही हात लांब जातो, आणि जो काल कुंपणाशी झेलला गेला असता तो आज प्रेक्षकांत पडतो. खेळाडू सुमार असेल तर या काही हातांनी त्याचं नशीब उजळत नाही. तो आधीच उत्तम असेल तर विक्रम मोडतात. शिवाय १६२ सामन्यांच्या मोसमात ऑगस्ट उजाडेपर्यंत बाकीचे थकलेले असतात, आणि रात्रपाळीचे गवंडी असलेला ताजा असतो.

बाटली सगळ्यांना दिसत होती

आता माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला. त्या वर्षीची 'वर्ल्ड सिरीज' ही अंतिम मालिका रद्द झाली. दोन महायुद्धांत जी थांबली नव्हती ती पैशाच्या भांडणात थांबली. लोक चिडले, मैदानाकडे फिरकेनात. मग १९९८ चा उन्हाळा आला. मॅग्वायर आणि सोसा दोघेही मॅरिसच्या ६१ मागे लागले, देश रोज संध्याकाळी त्यांचे आकडे बघू लागला आणि खुर्च्या पुन्हा भरल्या.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, असोसिएटेड प्रेसचा बातमीदार स्टीव्ह विल्स्टीन याला मॅग्वायरच्या उघड्या लॉकरमध्ये एक बाटली दिसली. तिच्यावर लिहिलं होतं 'अँड्रोस्टेनडायोन'. हे रसायन शरीरात गेल्यावर त्याचं टेस्टोस्टेरॉन होतं. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्ये होती. बेसबॉलमध्ये नव्हती, आणि ते दुकानात खुलेआम मिळायचं. मॅग्वायरने घेतल्याचं मान्यही केलं. विल्स्टीनने बातमी दिली. संताप उसळला, तो बातमीदारावर : दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोच कसा! मॅग्वायर विक्रम करून मोकळा झाला.

म्हणजे माहिती नव्हती असं नाही. १९९१ मध्येच तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना लेखी कळवलं होतं की बेकायदा औषधांच्या बंदीत स्टेरॉइडही आलं. फक्त चाचणी नव्हती. शाळेत कॉपीला बंदी आहे पण पर्यवेक्षक नेमायचा नाही, असा तो नियम.

युनियन चोरांना सामील होती का?

हा आक्षेप सरसकट घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. अमेरिकी कामगार कायद्यानुसार चाचणी ही नोकरीची अट ठरते, आणि युनियनशी वाटाघाटी केल्याशिवाय मालक ती लादू शकत नाहीत. कमिशनर बड सीलिग यांनी २००१ मध्ये खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये चाचण्या सुरू केल्या, कारण तिथल्या खेळाडूंना युनियनच नव्हती. मेजर लीगमध्ये त्यांचे हात बांधलेले होते. अर्थात, गर्दी परत येत असताना ते हात सोडवून घ्यायची त्यांना घाई होती, असं मात्र दिसत नाही.

२००२ च्या करारात युनियनने एक तोडगा मान्य केला. २००३ मध्ये सर्वांची निनावी चाचणी करायची. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढे शिक्षा असलेली चाचणी. निकाल आला पाच ते सात टक्के. चाचणी होणार हे आधीच माहीत होतं, तरीही! इन्स्पेक्टर येणार हे फळ्यावर लिहिलेलं असताना इतकी मुलं गृहपाठाविना सापडली, मग न सांगता आला असता तर?

पण युनियनची भीतीही खरी ठरली. निनावी म्हणून घेतलेल्या त्या चाचण्यांची यादी नष्ट होण्याआधी सरकारी तपास अधिकाऱ्यांनी जप्त केली आणि पुढे काही नावं वर्तमानपत्रांत फुटली. २००९ मध्ये अॅलेक्स रॉड्रिग्ज या नामांकित फलंदाजाचं फुटलं. 'तुमचं नाव कुठेही येणार नाही' या शब्दावर ज्याने नमुना दिला, त्याची ही फसवणूकच होती, भले तो दोषी असो.

सुनावणी म्हणजे खटला नव्हे

अमेरिकी संसदेच्या समित्यांना माहिती गोळा करण्याचे मोठे अधिकार असतात. त्या समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, शपथेवर साक्ष घेऊ शकतात. समन्स धुडकावला तर अवमानाचा खटला होऊ शकतो; शपथेवर खोटं बोललं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. पण ज्या गोष्टीची चौकशी चालली आहे त्याबद्दल समिती कोणालाही दोषी ठरवू शकत नाही. दंड नाही, कैद नाही, बंदी नाही.

आपल्याकडची ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. पाणीपुरवठ्याच्या पैशांचं काय झालं म्हणून सरपंचाला उभं करून विचारतात. ग्रामसभा त्याला तुरुंगात टाकू शकत नाही. पण उत्तर साऱ्या गावाने ऐकलेलं असतं, आणि त्यानंतर त्याला त्याच गावात राहायचं असतं. सुनावणीची ताकद ही एवढीच असते.

आपल्या संसदीय समित्यांशी याची तुलना केली की फरक लगेच दिसतो. लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या समित्या बंद दाराआड बसतात. साक्षीदार काय बोलला ते आपल्याला अहवालात, वर्तमानपत्रांतल्या 'सूत्रांच्या' भाषेत कळतं. तिकडे साक्षीदाराच्या कपाळावरचा घामही थेट प्रक्षेपणात दिसतो. त्यामुळे तिथे खासदारही थोडे नट होतात, हे सांगायला नको.

साक्षीदाराकडे एक ढाल असते. अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आपल्या संविधानातल्या कलम २० (३) ची ही थोरली बहीण. पण टीव्हीवर ती ढाल उचलणं म्हणजे लोकांच्या लेखी कबुलीच. दुसरा मार्ग अभयाचा : समितीने हमी द्यायची की तुझी साक्ष तुझ्याविरुद्ध वापरली जाणार नाही. २००५ मध्ये काही खेळाडूंनी अभय मागितलं होतं. मिळालं नाही.

१७ मार्च २००५ : तीन दरवाजे

ठिणगी टाकली होती होसे कॅन्सेकोने. या निवृत्त फलंदाजाचं आत्मचरित्र त्याच फेब्रुवारीत आलं होतं. मी स्वतः स्टेरॉइड घेतलं आणि मॅग्वायर, राफाएल पाल्मेरो या फलंदाजांसह अनेकांना टोचलं, असं त्यात होतं. कॅन्सेकोची ख्याती बढाईखोर आणि पैशाच्या मागे लागलेला अशी होती. बेसबॉलवाल्यांनी त्याला हसण्यावारी नेलं.

समितीचे अध्यक्ष होते रिपब्लिकन टॉम डेव्हिस, विरोधी बाजूचे प्रमुख डेमोक्रॅट हेन्री वॅक्समन. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष इथे एकत्र होते. लीगच्या वकिलांनी समन्सलाच आव्हान देऊ म्हणून पाहिलं, ते चाललं नाही. खेळाडूंच्या आधी समितीने बसवले ते दोन तरुणांचे आईबाप. टेक्सासमधल्या एका बापाने सांगितलं की त्याचा शाळकरी मुलगा, सतरा वर्षांचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा, आपला गोलंदाज), अंग भरावं म्हणून स्टेरॉइड घेऊ लागला आणि शेवटी त्याने जीव दिला. समितीने आकडा मांडला : शाळकरी वयाच्या पाच लाखांहून अधिक मुलांनी स्टेरॉइड वापरून पाहिलं आहे. हे झाल्यावर कोट्यधीश खेळाडू त्याच टेबलाशी येऊन बसले. आधी कोणाला बसवायचं हे नीट विचार करून ठरवलेलं होतं, आणि त्याला नाटक म्हटलं तरी माझी हरकत नाही.

खेळाडूंपुढे तीनच दरवाजे होते. 'घेतलं' म्हणावं तर गुन्ह्याची कबुली. 'नाही घेतलं' म्हणावं आणि ते खोटं निघालं तर खोट्या साक्षीचा खटला. गप्प बसावं तर लोक समजायचं ते समजणार.

पहिल्या दरवाजातून कॅन्सेको आधीच जाऊन आला होता.

दुसरा निवडला राफाएल पाल्मेरोने. त्याने समितीच्या दिशेने तर्जनी रोखली आणि सांगितलं की मी स्टेरॉइड कधीही घेतलेलं नाही. वर 'पूर्णविराम' असंही म्हणाला. ते बोट दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं.

तिसऱ्यातून गेला मॅग्वायर. १९९८ चा तो राक्षसी देहाचा नायक त्या दिवशी आक्रसलेला दिसत होता, डोळे पाणावलेले. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर एकच : "मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही." पाचव्या दुरुस्तीचं नाव त्याने घेतलं नाही, पण अर्थ तोच. आणि चौकशी तर भूतकाळाचीच होती!

सोसाने चौथा दरवाजा काढला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला हा खेळाडू दुभाषा आणि वकील घेऊन बसला. त्याचं निवेदन वकिलाने वाचलं. वाक्य असं बेतलेलं होतं की आपण बेकायदा उत्तेजक कधी घेतलं नाही. 'बेकायदा' हा शब्द कुठल्या देशाच्या कायद्याने मोजायचा, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

बाँड्स त्या दिवशी तिथे नव्हताच. त्याने बाल्को प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवावेत की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गुप्त मंडळापुढे, २००३ मध्येच साक्ष दिली होती.

यानंतर काय झालं ते कोणा पटकथाकाराने लिहिलं असतं तर आपण 'फारच जुळवून आणलंय' म्हटलं असतं. १५ जुलैला पाल्मेरोने कारकिर्दीतला तीन हजारावा फटका पूर्ण केला, जो मान मोजक्यांनाच मिळाला आहे. १ ऑगस्टला तो उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याचं जाहीर झालं. औषध होतं स्टॅनोझोलॉल, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनला बुडवणारं. दहा दिवसांचं निलंबन. समितीने खोट्या साक्षीची चौकशी केली आणि सोडून दिली, कारण दोषी नमुना सुनावणीच्या नंतरचा होता. मार्चमध्ये तो खोटं बोलला हे त्यावरून सिद्ध होत नव्हतं. बढाईखोर कॅन्सेकोकडे मात्र लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले.

"संसदेला दुसरी कामं नव्हती का?"

हा आक्षेप तेव्हाही अमेरिकेत जोरात होता. समितीची बाजू अशी : १९९० च्या कायद्याने अॅनाबॉलिक स्टेरॉइड नियंत्रित औषधांच्या यादीत आलं आहे, मुलं नायकांची नक्कल करतात, आणि देशाचा कायदा एका उद्योगात राजरोस मोडला जात असेल तर विचारायचं कोणी?

पण खरं कारण मला शंभर वर्षं जुन्या निकालात दिसतं. गावातल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून भाव आणि मजुरी ठरवणं अमेरिकेत बेकायदा आहे. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉल हा त्या अर्थाने आंतरराज्य व्यापार नाहीच, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. अशी सूट इतर कुठल्याच मोठ्या खेळाला मिळालेली नाही. पुढे न्यायालयाने आपला निकाल विचित्र असल्याचं मान्यही केलं, पण दुरुस्ती संसदेने करावी म्हणून हात झटकले. १९९८ मध्ये संसदेने खेळाडूंच्या बाबतीत सूट काढली, बरीचशी शिल्लक आहे. जी मेहरबानी संसदेच्या मर्जीवर टिकून आहे, ती घेणाऱ्याला संसदेने बोलावल्यावर यावंच लागतं.

एक गंमत. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जानेवारी २००४ च्या वार्षिक भाषणात खेळांतून स्टेरॉइड हटवा असं आवाहन केलं होतं. हेच बुश आधी टेक्सास रेंजर्स या संघाच्या मालकांपैकी एक होते, आणि त्या काळात कॅन्सेको आणि पाल्मेरो दोघेही त्यांच्याकडे खेळून गेले होते. त्यांना समन्स अर्थातच गेला नाही.

कायदा झाला नाही, शिक्षा मात्र वाढली

सुनावणीनंतर खेळातल्या चाचण्यांसाठी विधेयकं आली : पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं बंदी, दुसऱ्याला कायमची. एकही मंजूर झालं नाही. पण गरजच उरली नाही. २००४ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला फक्त उपचार होते. सुनावणीच्या वेळी दहा दिवस होते, आणि कागदपत्रं तपासताना समितीला आढळलं की त्यातही 'किंवा दंड' अशी पळवाट लिहून ठेवली आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये मालक आणि युनियन मुकाट्याने नव्या नियमांवर आले : पहिल्यांदा ५० सामने, दुसऱ्यांदा १००, तिसऱ्यांदा कायमची बंदी. २०१४ पासून पहिलं निलंबन ८० सामन्यांचं आणि दुसरं पूर्ण मोसमाचं, १६२ सामन्यांचं आहे. जे वाटाघाटींच्या टेबलावर दहा-बारा वर्षं हललं नाही, ते अकरा तासांच्या टीव्हीनंतर आठ महिन्यांत हललं.

दुसरी फेरी फसली

मार्च २००६ मध्ये सीलिग यांनी माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना चौकशी सोपवली. डिसेंबर २००७ च्या त्यांच्या अहवालात ८९ खेळाडूंची नावं होती. सर्वांत मोठं नाव पिचर रॉजर क्लेमेन्सचं, आणि साक्षीदार त्याचाच जुना व्यायामशिक्षक ब्रायन मॅकनामी. १३ फेब्रुवारी २००८ रोजी समितीने दोघांना एकाच टेबलावर बसवलं. या वेळी पक्ष फुटले : रिपब्लिकन क्लेमेन्सच्या बाजूने, डेमोक्रॅट मॅकनामीच्या. क्लेमेन्स आधी खासदारांच्या कचेऱ्यांत जाऊन भेटून आला होता. त्याचा मित्र अँडी पेटिट याने शपथेवर सांगितलं की ग्रोथ हार्मोन (शरीराच्या वाढीचं संप्रेरक) घेतल्याचं क्लेमेन्स माझ्यापाशी बोलला होता. त्यावर क्लेमेन्सचं उत्तर, मित्राने 'मिसरिमेंबर' केलं. चुकीचं आठवलं, एवढंच.

त्याच्यावर संसदेत खोटं बोलल्याचा खटला झाला आणि २०१२ मध्ये ज्युरीने सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. बाँड्सला २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं होतं, ते २०१५ मध्ये अपिलात रद्द झालं. संसदेच्या चौकशीतून शिक्षा झाली ती मिगेल तेहादाला : दुसऱ्या एका खेळाडूबद्दल काय माहीत होतं ते समितीच्या कर्मचाऱ्यांपासून लपवलं म्हणून एक वर्षाचं परिवीक्षण, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. आणि मॅग्वायरने जानेवारी २०१० मध्ये स्वतःहून सांगून टाकलं की हो, घेत होतो, १९९८ मध्येसुद्धा.

आपल्याकडे?

आपल्याकडे व्यावसायिक खेळाची अशी जाहीर झाडाझडती संसदेने घेतलेली नाही, ती न्यायालयांकडे गेली. २०१३ च्या आयपीएल सट्टेबाजीत क्रिकेट मंडळाने नेमलेली चौकशी समिती मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या मुद्गल आणि लोढा समित्यांपर्यंत पोचलं. उत्तेजक चाचणीच्या बाबतीत आपलं मंडळही बरीच वर्षं अमेरिकी युनियनच्याच सुरात बोलत होतं : खेळाडू रोज कुठे आहे हे कळवायची अट म्हणजे खासगीपणावर घाला. २०१९ च्या जुलैत मुंबईच्या पृथ्वी शॉवर आठ महिन्यांचं निलंबन आलं (खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन), आणि पुढच्याच महिन्यात मंडळ 'नाडा' या राष्ट्रीय यंत्रणेच्या कक्षेत आलं.

स्टेरॉइडचंच उदाहरण हवं असेल तर तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचं घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं, हा त्याचा बचाव नाडाने मानला, क्रीडा लवादाने मानला नाही. चार वर्षांची बंदी आली. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. मॅग्वायरच्या बेसबॉलमध्ये बाटली लॉकरच्या फळीवर होती तरी जबाबदारी कोणाचीच नव्हती.

मग बाँड्स आत का नाही?

कारण हॉल ऑफ फेमचे दरवाजे ना संसदेकडे आहेत ना न्यायालयाकडे. तिथे बेसबॉलचे पत्रकार मत देतात आणि ७५ टक्के मतं लागतात. पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या, शेवटच्या संधीत, जानेवारी २०२२ मध्ये, बाँड्सला ६६ टक्के मिळाली, क्लेमेन्सला ६५ च्या आसपास. न्यायालयातून दोघेही सुटलेले, पण मतदारांना पुराव्याची तितकी गरज नसते. बड सीलिग, ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं घडलं आणि तिजोरी भरली, त्यांना मात्र वेगळ्या समितीने निवडलं आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला त्यांची कांस्य पट्टिका लागली. मला विचाराल तर अकरा तासांच्या सुनावणीत मालकांना विचारायला हवा होता तो प्रश्न, म्हणजे १९९८ च्या तिकिटांचा पैसा कोणाकडे गेला, हा पुरेसा विचारलाच गेला नाही.

त्याच कूपर्सटाउनच्या संग्रहालयात एक चेंडू आहे. ऑगस्ट २००७ मध्ये हँक आरनचा ७५५ होम रनचा विक्रम मोडताना बाँड्सने मारलेला, ७५६ वा. एका फॅशन उद्योजकाने तो लिलावात साडेसात लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला आणि त्याचं काय करावं यावर इंटरनेटवर मतदान ठेवलं : जसाच्या तसा संग्रहालयाला द्यावा, त्यावर खूण करून द्यावा, की अग्निबाणात घालून अवकाशात सोडावा? लोकांनी मधला पर्याय निवडला. चेंडूच्या चामड्यात एक तारांकन कापलेलं आहे, पानाच्या तळाशी टीप असली की आकड्यावर छापतात तसं.